तुझा परतावा

प्रिय खटपट्या,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून पत्ता लिहून घेतला, कारण माझं अक्षर बघितलंस तर न वाचताच फाडून टाकशील अशी धास्ती वाटली. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मधे राग आला तर बाजूला ठेव, घोटभर पाणी पी, पण पुन्हा हातात घे. माझ्याकडे दुसरा उपाय उरलेला नाही आणि दिवसही उरलेले नाहीत.

तुझा पत्ता कुठून मिळाला ते आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल आम्ही तुझ्या मागावर माणसं लावली. मी अजून त्याच कपड्यांच्या दुकानात आहे, मागच्या खोलीत, उसवा आणि शिवा. गेल्या सोमवारी एका पँटची दुमड उसवत होते तेवढ्यात फोनवर बँकेचा मेसेज आला, तुमच्या खात्यात आयकराचा परतावा जमा झाला आहे. मला वाटलं, लोकांना गंडवणारे असतात त्यातलाच हा. मी कधी भरलाय आयकर? माझा पगार बघितला तर करवालेच मला चार पैसे देऊन जातील. मग खात्याचे शेवटचे आकडे बघितले आणि हातातली कात्री तशीच राहिली. तू शाळेत असताना बक्षिसाचे पैसे ठेवायला आपण दोघांच्या नावाने उघडलं होतं, ते हे खातं. त्यात काही आहे हेसुद्धा मी विसरले होते. गुरुवारी घरी पाकीट आलं, करखात्याचं, वर तुझं नाव. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे मीच तुला शिकवलं होतं. मी ते जिन्यात उभ्या उभ्या फोडलं.

चार वर्षांत तुझ्या नावाचा एक कागद घरात आला, आणि तोही करखात्याने पाठवलेला. मी तो पत्रासारखा वाचला. वर कारखान्याचं नाव-पत्ता होता, त्याच पत्त्यावर हे पाठवतेय, म्हणजे तू लिफ्ट बनवतात तिथे आहेस. लहानपणी घरातलं प्रत्येक यंत्र उघडून बसायचास, बरोबर जागी गेलास. खाली वर्षाचा पगार. तो वाचून जीव भांड्यात पडला, दोन वेळचं नीट जेवत असशील. मग कापलेला कर. तो जास्त कापला गेला म्हणून उरलेला परत आला, एवढं मलाही कळलं. आणि मधेच एक ओळ होती, ‘अवलंबून असलेल्या व्यक्ती’, तिच्यापुढे ‘एक’. त्या एकावर बोट ठेवून मी पायरीवरच बसले. लग्न केलंस का रे? की बाळ झालंय? करखात्याला माहीत आहे आणि तुझ्या आईला नाही. ते बरोबरच आहे म्हणा. करखात्याने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. परतावा कुठल्या खात्यात टाकायचा हे तूच लिहून दिलं असणार. चार वर्षांत पगारासाठी तू दुसरं खातं नक्कीच उघडलं असशील. मग हे का दिलंस? बदलायचं राहून गेलं, की मुद्दाम ठेवलंस? मी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने खातं उघडून बघितलं आणि म्हणाली, “मावशी, दोघांपैकी कोणाचीही सही चालते. काढायचेत का?” मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारणार होते कोण जाणे. कारखान्यात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, कामाच्या वेळी कोणाला बोलावता येत नाही, निरोप देते. तिने निरोप दिला नाही, की दिला आणि तू आला नाहीस, हेही मला माहीत नाही.

एवढी घाई कशाची ते आता सांगते. तुझ्या बाबांच्या डाव्या डोळ्यात धातूचा कण गेला. गेल्याच्या आधीच्या गुरुवारी, आज अकरा दिवस झाले, आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाची चावी कापत होते. मशीनची पुढची, कण अडवणारी झडप तुटून जमाना झालाय, तुला माहीत आहे, तू तिथे पुठ्ठा बांधून ठेवायचास. तो पुठ्ठाही केव्हाच गेला. कण आत रुतला. बाबा रुमाल दाबून गिऱ्हाइकाला म्हणतात, “दोन मिनिटं थांबा, चावी पूर्ण करून देतो.” गिऱ्हाइकानेच त्यांना रिक्षात घातलं. डॉक्टरीणबाईंनी दोन वेळा प्रयत्न केला. आता म्हणतात, हा डोळा गेला, तो काढून टाकायला हवा, आणि पंधरा दिवसांच्या आत काढायला हवा, कारण जखमी डोळा तसाच ठेवला तर कधी कधी चांगला डोळाही त्याच्यापाठोपाठ जातो. मी विचारलं, कधी कधी म्हणजे किती वेळा? त्या म्हणाल्या, “ज्याचा जातो त्याला शंभर टक्के.” शेवटची तारीख या गुरुवारची आहे. आधी पैसे भरायचे, मग दाखल करणार. आमच्याकडे होतं ते पहिल्या दोन वेळांतच संपलं. माझ्या कपड्यांच्या दुकानाच्या मालकांकडे मागितले, त्यांनी दोन महिन्यांचा पगार आगाऊ दिला, तो औषधांत गेला. आणि अशा वेळी तुझा परतावा येऊन पडला. ऑपरेशन होऊन थोडा उरेल, एवढा.

खोटं कशाला बोलू, मेसेज वाचल्यावर पहिला विचार डोळ्याचाच आला. तुझा नंतर आला. मग लाज वाटली. म्हटलं, नको, त्याच्या घामाचे आहेत, तसेच राहू देत. त्या ‘एक’च्या नावाने कुठेतरी ठेवीत टाकावेत. मग बाबांना जेवायला वाढताना बघितलं, पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढे केला आणि तो दोन बोटं अलीकडेच मिटला, अंतर कळत नाही त्यांना. ठेवीचा विचार तिथेच मेला. शुक्रवारी मी त्यांना सांगितलं, मुलाचे पैसे आलेत, त्याच्या खात्यात, माझी सही चालते. तर म्हणाले, “चोराचे पैसे माझ्या डोळ्याला नकोत.” मी म्हटलं, अहो, आंधळे व्हाल. म्हणाले, “होऊ दे. निदान इमानाने आंधळा होईन.”

चोर. चार वर्षं या घरात तुझं नाव कोणी घेतलं नाही, आणि घेतलं ते असं. ती दुपार तू विसरला नसशीलच, पण मला ती एकदा लिहायची आहे. नव्या मशीनसाठी जमवलेली रक्कम बाबांनी दुकानाच्या खणात ठेवली होती. पुढच्या आठवड्यात मशीन येणार होतं. खण उघडला तर रिकामा. कुलूप मात्र शाबूत. आयुष्यभर कुलपं दुरुस्त करणारा माणूस, त्यांनी कुलूप हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, हे फोडलेलं नाही, खोट्या चावीने उघडलेलं नाही, म्हणजे चोर घरचाच. तू समोर उभा होतास. मी डबा घेऊन आले होते. त्यांनी तुला विचारलं आणि तू उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलंस. मी डब्याची झाकणं लावत राहिले. लावलेलीच झाकणं पुन्हा लावत राहिले. मग तू म्हणालास, “हो, मी घेतले.” त्यांनी दोन गिऱ्हाइकांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. तू तुझी चावी काउंटरवर ठेवलीस आणि गेलास. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल.

ते पैसे मी घेतले होते, हे तुला माहीत आहे. लिहायला चार वर्षं लागली. त्या दुपारच्या चार दिवस आधी तू मला खणाशी बघितलंस आणि मी म्हटलं, सुटे शोधतेय. मामा आला होता. उधारी वसूल करणारे लोक त्याच्या दारात उभे होते, हातपाय मोडायची भाषा करत होते. बाबांनी त्याला पुन्हा एक छदाम द्यायचा नाही अशी मला शपथ घातली होती. मामा माझ्या पायाशी बसून म्हणाला, ताई, आठ दिवसांत आणून ठेवतो, भाऊजींना कळणारसुद्धा नाही. मी घरच्या जुडग्यातली चावी घेतली. पाचव्या दिवशीच बाबांनी खण उघडला. मामाने नंतर तोंडही दाखवलं नाही. मी रोज ठरवायचे, आज सांगते. मग वाटायचं, तू आलास की सांगेन, म्हणजे दोघांचं एकदमच मिटेल. तू आला नाहीस, आणि खरं सांगायचं तर तू आला नाहीस हे मला सोयीचंही झालं. आई म्हणवणाऱ्या बाईने हे लिहू नये, पण आहे हे असं आहे. ते मशीन आलं असतं तर त्याला काचेची झडप होती. म्हणजे मुलगा घालवला तो मीच आणि डोळा घालवला तोही मीच.

काल दुपारी बाबा दुकानातून किल्ल्यांचा डबा घरी घेऊन आले होते. जमिनीवर बसून, चांगला डोळाही मिटून, एकेक किल्ली चाचपून वेगळी ठेवत होते. मी म्हटलं, हे काय चाललंय? म्हणाले, “सवय करतोय. पुढे उपयोगी पडेल.” ते ऐकून मी सांगून टाकलं. मामा, खण, जुडगं, तुझी नजर, सगळं. त्यांचा हात किल्ल्यांवर तसाच थांबला. ओरडतील म्हणून मी दाराच्या कडीला धरून उभी होते. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, “मग तो हो कशाला म्हणाला?” उत्तर त्यांना नकोच होतं, कळलं होतं त्यांना. पट्टीच्या आतून पाणी आलं, डॉक्टरीणबाईंनी रडायला सक्त मनाई केली आहे, मी पुसायला गेले तर हात झटकून टाकला. मला वाटलं होतं, निदान आता तरी ते पैसे घेतील, चोराचे नाहीत म्हटल्यावर. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “तेव्हा त्याचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून नको म्हणालो. आता त्याच्यापुढे माझंच तोंड नाही. त्याच्या पैशाला हात लावायचा नाही.” मी पाया पडले, खटपट्या. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तर म्हणतात, “आधी त्याला मला चार शिव्या घालू दे. मग बघू डोळ्याचं.”

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती मागायची माझी लायकी नाही. पैसे मागायलाही नाही. तुझे पैसे मी बुधवारी काढणार आहे आणि दवाखान्यात भरणार आहे, तुझं उत्तर येवो न येवो. या वेळी सांगून घेते आहे, एवढाच काय तो फरक. पण भरलेल्या पैशाने माणूस टेबलावर जात नाही, त्याला स्वतः उठून जावं लागतं, आणि ते माझ्या शब्दावर आता कधीच उठणार नाहीत. हे पाकीट उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल असं कुरियरवाला म्हणालाय. बाबांच्या दुकानाचा फोन तोच आहे, नंबर बदललेला नाही. बाबा सकाळपासून तिथेच बसलेले असतात, शटर अर्धं खाली ओढून. तू त्यांना फोन कर आणि शिव्या घाल. तोंडाला येतील त्या घाल, चार वर्षांच्या साठलेल्या सगळ्या घाल, ते ऐकून घेतील, त्यांना त्याच हव्या आहेत. फक्त गुरुवारच्या आत घाल. माझ्याशी बोलायची गरज नाही. फोन मी उचलणार नाही, तिथे असले तरी नाही.

कुठल्या तोंडाने तुझीच म्हणू,
आई