घरटी एक लाकूड

वडपाडा, दाभोसा
ता. जव्हार
१० नोव्हेंबर २०२४

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. ईशाला सांग, आत्याने आठवण काढली. तुम्ही सगळे बरे असाल. मीही बरी आहे.

भात कापून झाले. नाचणी या वर्षी चांगली भरली, पण खुडायला माणूस मिळेना, म्हणून शेजारची कमू आणि मी अशा दोघींनीच खुडली. गाय गाभण आहे. माकडांनी मागच्या बाजूची कौले फोडली होती, ती बदलून घेतली. दिवाळी झाली तशी पाड्यातली निम्मी घरे वीटभट्टीवर गेली. माझ्या अंगणवाडीत आता पोरे थोडी आणि खिचडी जास्त असे झाले आहे.

बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच तू परवा येऊन गेलास, हे मला संध्याकाळी कळले. मी साखरशेतला मीटिंगला होते. बरोबर फोटो काढणारा माणूस होता म्हणे. घरात गेला नाहीस. कुलूप होते असे म्हणशील, पण चावी कुठे असते ते तुला माहीत आहे. बाबाचा फोटो मी आतल्या भिंतीला लावला आहे. तो तुला दिसला नाही.

मग तुझा फोन आला. तू बोलत होतास आणि मी ऐकत होते. फोनवर आपले नेहमी असेच होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्रात मला मध्येच कोणी तोडणार नाही.

काल ढवळूकाकाला जव्हारच्या पोलीस ठाण्यात बोलावले. तुझ्या तक्रारीत लिहिले आहे की, सुताराने घरापुढचा डेक उचकटला आणि लाकूड धबधब्याकडच्या हॉटेलवाल्याला विकले. मी बरोबर गेले होते. हवालदाराने विचारले, "डेक तूच काढला?" तो म्हणाला, "मीच काढला." "मग विकला कोणाला?" "इकला नाय." "इकला नाय तर गेला कुठं? उडाला?" त्यावर ढवळूकाका गप्प. तू त्याला ओळखतोस. तो गप्प बसणारा माणूस आहे का? डेकचे काम चालू होते तेव्हा दिवसभर बडबड, दर दोन दिवसांनी दांडी, आणि दांडीचे कारण विचारले की वेगळाच एखादा सोयरा आजारी. असा माणूस ठाण्यातल्या बाकावर हात मांडीत घालून बसला होता. बाहेर आल्यावर मी म्हटले, "काका, खरे का सांगत नाही?" तर म्हणाला, "बाय, ते माझ्या तोंडून नाय निघायचं. तुझ्या बाची, बुध्यादादाची लाज जाईल." उद्या त्याला परत बोलावले आहे. लाकूड कुठे आहे ते सांगितले नाही तर आत टाकू असे सांगून सोडले आहे.

म्हणून मी सांगते. माझा नाइलाज आहे.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू मोबाईलवर फोटो दाखवलास, तेव्हापासून सुरुवात करते. लोणावळ्याच्या कुठल्या तरी बंगल्याचा डेक होता. ढवळूकाकाने मोबाईल उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "कमळ्या, हा तर राखणीचा माळा. पावण्यांनी इथं बसून डुकरं हाकायची काय?" बाबा हसला. तूही हसलास, पण नंतर मला म्हणालास की, या लोकांना कळत नाही. शहरातले पाहुणे पैसे देऊन आपल्या घरी राहायला येतील, म्हणून तू कामाला लागलास. पडवीतला लाकूडफाटा दरीकडून येणाऱ्या पाहुण्यांना बरा दिसणार नाही, म्हणून टेम्पो आणून सगळा विटांच्या भट्टीला दिलास. चुलीच्या जागी गॅस आला. मला सोय झाली, ते मी नाकारत नाही.

फक्त ऐनाची लाकडे राहिली. पडवीच्या टोकाला बांबूवर रचलेली, बाबाने साल काढून ठेवलेली. आई गेली त्या वर्षी त्याने बांधावरचे दोन ऐन तोडले, अर्धे आईच्या सरणाला लागले आणि अर्धे त्याने जपून ठेवले. ती लाकडे कशाची ते घरात कोणी बोलत नव्हते. पण आपण दोघे लहानपणी त्यावर चढलो की तो ओरडायचा, ते तुला आठवत असेल. पाड्यात ते सगळ्यांना माहीत होते. तुलाही होते.

ढवळूकाकाने तुला फोन करून विचारले होते. मी शेजारी उभी होते, स्पीकर चालू होता. "कमळ्या, ही लाकडं डेकाखाली घालू नको. ही तुझ्या बाची हायेत." तू म्हणालास, "बाबाची म्हणजे घरचीच ना? घरच्या कामालाच लागतात. ऐन उन्हापावसात टिकतो, तूच सांगितलेस." काकाने बाबाकडे पाहिले. बाबा म्हणाला, "पोराला पायजेत. घे."

जव्हारच्या मिलवर ती चिरली. खालचा सगळा सांगाडा त्यांचा झाला. वरच्या फळ्या सागाच्या, तू आणलेल्या. काकाला खिळे मारायचे होते. तू म्हणालास, खिळ्यांची डोकी दिसतात, स्क्रूच पाहिजेत, आत बुडवून वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. म्हणून सगळा डेक स्क्रूने जोडला.

आता रखमी आजीचे. सोम्याची आई. ती गेली तेव्हा डेकचे काम अर्धे झाले होते. कोणी गेले की आपल्या पाड्यात घरटी एक लाकूड जाते, हे मी तुला सांगायला नको. श्रीमंत असो, गरीब असो, भांडण असो, लाकूड जाते. सकाळी सगळे आपापले लाकूड खांद्यावर घेऊन सोम्याच्या अंगणात जमत होते आणि आपल्या घरात चुलीत घालायलाही काडी नव्हती. होती ती चिरलेली ऐनाची आणि सागाची, त्यावर तू खडूने खुणा करून गेला होतास. बाबाने मला तुला फोन लावायला सांगितला. एक तुकडा घेऊ का, असे त्याने तुला विचारले. आपल्याच बापाने विचारले, आपल्याच लाकडासाठी. तू म्हणालास, "अरे बाबा, मापाचे आहे ते, एक गेले तर सगळे काम अडेल. तू नारळ, अगरबत्ती घेऊन जा, काही होत नाही."

बाबा नारळ आणि अगरबत्ती घेऊन गेला. त्याला कोणी काही बोलले नाही. सोम्याने नारळ घेतला आणि बाजूला ठेवला. परत येऊन बाबा दिवसभर जेवला नाही.

डेक फाल्गुनात झाला. छान झाला होता, खोटे कशाला बोलू. समोर सगळी दरी दिसायची. बाबा एकदाच त्यावर बसला. तू व्हिडिओ कॉल केला होतास, त्यात तो तुला दिसला, हातात विडी होती. तू म्हणालास, "बाबा, उठ तिथून, पॉलिशवर डाग पडेल." तो उठला आणि खाली दगडावर जाऊन बसला. नंतर कधी वर चढला नाही. मी कधी बस म्हटले तर म्हणायचा, "ते पावण्यांचं हाय." पाऊस लागायच्या आधी तू सांगितलेस तसा काकाने वर बांबू घालून जाड ताडपत्री बांधली, सगळ्या बाजूंनी. आत थेंब जात नव्हता. पाहुणे काही आले नाहीत.

बाबा जुलैत गेला, ते तुला मी कळवले. सकाळी चहा घेत होता. कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकला. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, घाटात दरड आली आहे, गाडी येणार नाही, तुम्ही नीट करून घ्या. दरड आली होती की नाही ते मी कोणाला विचारले नाही. आजही विचारत नाही.

पाड्यातले सगळे आले. बायका माझ्याजवळ बसल्या. बाबाला आंघोळ घालायला पुरुष पुढे झाले. सोम्यानेच तिरडी बांधली. आणि दादा, एकाच्याही खांद्यावर लाकूड नव्हते.

मला आधी कळलेच नाही. मला वाटले, पाऊस आहे म्हणून मागून आणतील. मी अंगणात बघत राहिले. सगळे छत्र्या, इरली घेऊन उभे, हात मोकळे. शेवटी मीच म्हटले, "सोमादादा, लाकडाचे काय?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्याकडं गॅस हाय ना आता." मागे कोणी तरी खाकरले. कोणीच त्याला गप्प बस म्हणाले नाही.

पाड्यातल्या लोकांवर माझा राग नाही असे मी इथे लिहिणार होते. पण आहे. बाबाने त्यांची किती माणसे पोहोचवली. त्यांना लाकूड द्यायचे नव्हते तर यायचे नव्हते. रोज त्यांचीच पोरे माझ्याकडे येतात, मी त्यांना खिचडी वाढते आणि हे आठवते. कमूने नंतर सांगितले, आदल्या दिवशीच्या पावसात तिचे छप्पर गळले, लाकूड भिजले होते. खरे असेल.

ढवळूकाका पडवीत बसला होता. थोडी घेऊन आला होता, वास येत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटले, "काका, डेक काढा." तो म्हणाला, "कमळ्या मला खाईल." मी म्हटले, "मी सांगते, काढा." मग तो उठला. त्याने ताडपत्री सोडली. वीज नव्हती, त्याच्या मशीनची बॅटरी उतरलेली. लांबी खरवडून एकेक स्क्रू हाताने काढायला लागला. एक फळी निघेपर्यंत बाया रडायच्या थांबल्या, मग परत रडल्या. बाबा ओसरीवर, आणि आम्ही दोघे मांडी घालून स्क्रू फिरवत होतो. माझ्या तळव्याला फोड आले. काका एकदा शिव्या घालत होता, एकदा रडत होता. "स्क्रू पायजेत म्हणं, खिळे दिसतात म्हणं," असे म्हणायचा आणि तुझ्या नावाने काय काय. मी त्याला थांबवले नाही. फळ्या संपल्या आणि खालचा ऐन दिसला तेव्हा त्याने स्क्रू काढणे सोडले आणि पहार घेतली. तेव्हा कुठे अंगणातले दोघेतिघे येऊन हात लावू लागले. सोम्या पण आला. त्याने ऐनाचा पहिला वासा खांद्यावर घेतला. मी त्याला नको म्हणू शकले असते. पण म्हटले नाही.

नदीवर चौघांनी वर पत्रे धरले. ऐन चांगला पेटला. साग आधी धुमसला, पॉलिशचा वास आला, लोकांनी नाकाला फडकी लावली. बाबाला जाताना तो वास आला असेल, असे मला वाटत राहते.

तिसऱ्या दिवशी मी अस्थी वेचायला गेले. आपल्यात मुलगी जात नाही. पण तू नव्हतास. राखेत हाडांबरोबर स्क्रू होते, ऐनातले, न निघालेले. काळे पडले होते, बोटाच्या पेराएवढे. पावसात मला पटकन कळत नव्हते, हातात काय आले. मी एकेक धुऊन बघत होते.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "सगळे नीट झाले ना?" मी म्हटले, हो. बाबाला पाड्याने लाकूड दिले नाही, हे बाहेर कोणाला कळू नये, एवढेच मनात होते. जो मेला त्याच्या नावावर ते राहते. काकानेही तेच केले. चार महिने गावात, बाजारात, दारूच्या गुत्त्यावरसुद्धा तो बोलला नाही. आणि तू त्याला चोर लिहून दिलेस.

आता माझे म्हणणे ऐक. उद्या सकाळच्या जीपने मी काकाबरोबर ठाण्यात जाणार आहे. कमूचा भाऊ आज तुमच्या ठाणे शहरात येतो आहे, हे पत्र त्याच्या हाती देते, म्हणजे तुला आजच मिळेल. रात्रीतून तू फोन करून तक्रार मागे घेतलीस तर मी ठाण्यात चहा पिऊन परत येईन आणि बाबाचे नाव घरातच राहील. नाही घेतलीस तर हवालदाराला वर लिहिले तेवढे सगळे सांगेन. मग ते कागदावर जाईल, पेपरवालेही तिथे बसलेले असतात. बुध्या भोये याला पाड्याने लाकूड दिले नाही, हे जव्हार, मोखाडा सगळीकडे होईल. का दिले नाही, तेही होईल. मला ते करायचे नाही. पण काकाला मी आत जाऊ देणार नाही.

मला फोन करू नकोस. ठाण्यात कर.

तक्रारीत नाव बदलायचे असेल तर तुला सोपे जावे म्हणून खाली पूर्ण लिहिते. डेक माझ्या सांगण्यावरून निघाला आहे.

पुष्पा बुध्या भोये
बुध्या भोये यांना अग्नी देणारी