कांडीची मशीन तापत नाही, त्याबद्दल

नंदनवन, नागपूर
१८ मे १९८४

ती. महादेवरावांस शालिकरामचा साष्टांग दंडवत.

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. इकडे तुमची बहीण वच्छला अगदी खुशाल आहे. (जरा जास्तच.)

ऑफिसातून महिन्याची रजा काढून मी ढोरांच्या खुराकाची कांडी पाडायची जुनी मशीन आणली, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा हसला होता, हे मला माहीत आहे. सोमवारी रजा संपते. त्याआधी दूध सोसायटीचे चंपतराव कांडी पसंत करणार अन् मी साहेबांच्या टेबलावर राजीनामा आदळणार, असा माझा बेत. वीस वर्षं फायली बांधल्या, आता पुरे झालं!

पण या मशीनची भोकाभोकांची पोलादी चकती नीट तापल्याशिवाय सरकीची ढेप अन् डाळीची चुन्नी यांची कांडी बांधली जात नाही, नुसता भुगा पडतो. रुपराव मिस्त्री सांगून गेले की तेल चोळलेला कोंडा अर्धा तास फिरवा, आपोआप तापते. तापली हे ओळखायचं कसं? वच्छला म्हणाली, पाण्याचा थेंब टाकून पाहा, भाकरीचा तवा पाहतो तसा. मी म्हटलं, बाई, हे यंत्र आहे, चूल नाही. अन् घरातलं तापाचं थर्मामीटर चकतीला टेकवलं. पारा सरसर चढला, आकडे संपले, काच फुटली. एवढा ताप पुरे, असं समजून मी माल टाकला. भुगा! पुढचे चार दिवस तेच. बाहेर शेहेचाळीस डिग्री, कुत्री नालीत बसलेली, अन् ही बया काही तापेना. (मी कूलरसमोर बसून होतो म्हणून टिकलो. कारखानदार झाल्यावर घरातला वाळ्याचा कूलर शेडात आणणं आलंच.)

काल चंपतराव आले. मे महिन्यात पाहुण्याला कूलरच्या हवेत बसवलं नाही तर नागपुरात नाक कापलं जातं, म्हणून त्यांची खुर्ची मशीनला लागून ठेवली अन् कूलर फुल केला. तासभर मशीन फिरली. त्यांनी तीन गिलास पन्हं घेतलं, भुगा तळहातावर पाहिला अन् म्हणाले, "शालिकराम, हे ढोरानं खावं का हुंगावं गा?" तेवढ्यात वच्छला आली अन् तिनं कूलर बंद केला. ओली गार हवा इतके दिवस सरळ चकतीवर जात होती, हो! वीस मिनिटांनी तिनं थेंब टाकला, चर्र झालं, अन् कांडी अशी टपाटप पडू लागली की घामानं निथळलेल्या चंपतरावांनी एक स्वतःच चावून पाहिली. सोमवारपासून रोज दोन पोती. (ऑर्डर त्यांनी तिलाच सांगितली. मी जवळच उभा होतो.)

एकूण माझी युक्ती सफल झाली.

आपला,
शालिकराम

ता.क. वच्छला मला शेडात पाय ठेवू देत नाही. कडी आतून लावते. ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. कृपा करून तिला दोन ओळी लिहा, राजीनाम्याला हो म्हणायला सांगा. मी लिहायला सांगितलं हे तिला कळू देऊ नका.

ता.क. दादा, ही चिठ्ठी पोस्टात टाकाले यायनं माझ्याच हाती देली. तू काही लिहू नोको. यायचा पगार चालू राहिला तं मले मशीन चालवाचं भेव नाही. सोमवारी डबा देऊन हापिसात धाडून राहिली. इतवारच्या सुट्टीले येऊ देईन शेडात, पोते शिवाले. – वच्छला