आत्याची हत्यारं

४ फेब्रुवारी
आले एकदाची! दुकान टीचभर आहे, पण माझं आहे. पुढे काउंटर, मागे खोली, मोरी, आणि टेबलावर दिवसभर ऊन. आत्या जाताना सगळं माझ्या नावावर करून गेली. घराण्यात घड्याळांना हात लावणारी मी एकटीच, म्हणून असेल. खरी दौलत खणात निघाली: मऊ कातड्यात गुंडाळलेली तिची हत्यारं. पितळी मुठीचे पेचकस, केसाएवढ्या टोकाचे चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग. आजवर मी शोरूममध्ये नुसते सेल बदलत बसले. हे चिमटे धरले आणि बोटांना अक्कलच आली म्हणा ना! कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ताईचा फोन लागला नाही.

७ फेब्रुवारी
इथे कुणी फारसं बोलत नाही. एक शेजारचे शिंपीकाका तेवढे बोलके. त्यांनी लग्नातलं घड्याळ आणून दिलं, कित्येक वर्षं बंद पडलेलं. आत्याच्या हत्यारांनी उघडलं, धुतलं, तेल दिलं. चाललं! काका ते कानाशी धरून बसले, मग मशीन तसंच टाकून काकूंना दाखवायला घरी पळाले.

८ फेब्रुवारी
सकाळी काका माझ्या पायरीवर, कालच्याच कपड्यांत. काकू घरात घेत नाहीत म्हणाले. मला वाटलं, नवराबायकोचं भांडण. समजूत घालायला गेले. काकूंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. "हे गृहस्थ कालपासून दारात उभे आहेत," म्हणाल्या. "कोण आहेत हो हे?" थट्टा नव्हती. घाबरल्या होत्या. त्यांच्या अंगातलं पोलकं काकांनीच शिवलेलं, बाहीला त्यांची ती बारीक टीप.

१२ फेब्रुवारी
काकांच्या मुलानेही राँग नंबर म्हणून फोन ठेवला. आणि आज शाळेच्या हेडमास्तरीणबाई तशाच माझ्या पायरीवर. परवा त्यांचंही घड्याळ मी उघडलं होतं. त्यांच्या सख्ख्या भावाने दारातच विचारलं, कोण हवंय? त्यांनी शिकवलेल्या भाजीवालीनेही ओळख दाखवली नाही.
ज्यांचे नुसते पट्टे बदलले, ते सगळे ठीक आहेत. ज्यांची घड्याळं आत्याच्या हत्यारांनी उघडली, तेच —
दोघांना फक्त मी ओळखते. आणि ते एकमेकांना.

१५ फेब्रुवारी
हत्यारं कुलपात घातली. काकांचं घड्याळ बंद करून पाहिलं. फरक नाही. दोघं दिवसभर माझ्या बाकावर बसून असतात. जाणार तरी कुठे? ताईला रडत फोन केला. ती म्हणाली, आवर, रविवारी न्यायला येते. हे दोघांना सांगितलं. काकांची नजर कुलपावर गेली. बाई माझ्या मनगटाकडे बघत होत्या.

१७ फेब्रुवारी
मोरीवर हात धुवायला गेले. घड्याळ काउंटरवर काढून ठेवलं होतं. परत आले तर कुलूप तुटलेलं. काका टेबलाशी, भिंग डोळ्याला. शिंप्याचा हात, जराही थरथर नाही. बाई दिवा धरून शेजारी. माझं घड्याळ उघडं.
मी ओरडले. काकांनी मान वर केली नाही.
"रागावू नकोस पोरी. तू गेलीस तर आम्हाला ओळखणारं कोण राहील?"
झाकण बसवलं. माझ्या हातात दिलं. चालू आहे.
मागच्या खोलीत कडी लावून बसलेय. बाहेर दोघं हळू आवाजात बोलताहेत, मला चहा करायचा म्हणून —
ताईला फोन लावलाय. वाजतोय.
उचल ना —
उचलला. ताई, मी गं, म्हटलं. पलीकडे तिचाच आवाज, अगदी सभ्य, "माफ करा, आपण