बिनजिन्याचं घर

३ तारीख
नवी नोकरी, नवं घर, आणि मी चक्क खूश! घर मुद्दाम बैठं घेतलं. माझ्या आजीला आणि आईला जिन्यावर कुणीतरी चढताना ऐकू यायचं. तो कधी पोचला नाही, पण दोघी जन्मभर कोपऱ्यात पाठ लावून बसल्या. डॉक्टर म्हणायचे, चिंतेचा आजार आहे, घराण्यात असतो. असेना का! जिनाच नाही तर चढणार कुठून? चार वर्षांची ठमी दिवसभर घरभर हुंदडली. माझ्या लेकीला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

६ तारीख
काम उंदरांचं. प्रयोगशाळेत दोन वाण आहेत. झाकण उघडलं की भित्रे कोपऱ्यात थिजतात, बिनधास्त माझे हातमोजे हुंगायला येतात. भित्र्यांची पिल्लं जन्मताच बिनधास्त आईच्या कुशीत घालायची आणि पुढे कशी निघतात ते बघायचं. आधी पिल्लांच्या अंगाला नव्या आईच्या घरट्यातला भुसा चोळायचा, म्हणजे ती त्यांना परकं मानत नाही. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या की बरीच धीट निघतात, सगळी नाही. थोडं रक्त बोलतं, थोडं घरटं.

११ तारीख
दुपारी भांडी घासताना पावलं ऐकली. चढणारी. बैठ्या घरात! नळ बंद केला, तशी तीही थांबली. स्वतःला चांगलं झापलं. पण पाठ भिंतीला कधी टेकली ते कळलंच नाही.

१५ तारीख
रोज ऐकू येतंय. ठमीला बाहेर खेळायला सोडवत नाही. आज बाई म्हणाल्या, माझी कामाची पाळी असली की बिनधास्त उंदीरही कोपरा धरतात. इतरांना बघून नाही. फक्त मला.

१६ तारीख
ठमी कोपऱ्यात. पाठ भिंतीला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, तो आणखी एक पायरी चढला.
मी तिला कधीच काही —

१७ तारीख
नवरा बोटीवर नोकरीला. नणंदेचा फोन आला; ठमी घाबरतेय म्हटल्यावर म्हणाली, पोरीला माझ्याकडे पाठव. शांत बाई, शांत घर. पिशवी भरली. नणंदेची इथे राहिलेली शाल ठमीच्या अंगाला चोळत होते. चोळतच होते — मग भानावर आले.
असा संताप आला! माझी पोर आहे ती, वाण नव्हे. पिशवी रिकामी केली.

१८ तारीख
बाईंना सगळं सांगितलं. हसल्या नाहीत. त्यांनी जुन्या नोंदी दाखवल्या. भित्र्या आईलाच मोठा पिंजरा आणि भरपूर भुसा दिला, तर तीही पिल्लांना चाटते, माया करते, आणि पिल्लं धीट होतात. आई बदलावी लागत नाही. डॉक्टरांची वेळ घेतली. गोळ्या लागल्या तर घेईन, लाज कसली? घरी येऊन कपाट ओढलं, कोपरा बुजवून टाकला.

१९ तारीख
संध्याकाळ. पावलं. आज थांबत नाहीत. ठमी म्हणते, आला.
येऊ दे. आजी ऐकत बसली, आई ऐकत बसली — मी दार उघडते.
उघडलं. अंगण नाही. पायऱ्या — खाली, खूप खाली —
पाठ भिंतीला नाही. उभी आहे मी.
दिसतोय. तीनच पायऱ्या उरल्या —
ठमीनं हात सोडला. मागे नाही पळाली. पुढे — कमरेवर हात ठेवून त्याला दटावतेय, की आमच्या घरात जिनाच नाही —