सलीम बॉल मागत नाही

रविवार, ७ सप्टें., अझैबा, मस्कत
हेड कोचनी दोन विंगरांची नावं दिली, सलीम आणि माझिन. दोघंही अठरा-एकोणीसचे. टीममध्ये जागा एकच. दोन आठवड्यांत सांग म्हणाले, पुढे कोण मोठा होईल. मी फुटबॉल मॅचचे व्हिडिओ कापणारा माणूस, ज्योतिषी नाही. ओठांवर आलं होतं, पण ‘येस कोच’ म्हटलं. जो राहील तो राहील, दुसरा घरी. पूर्वी असं पोर घरी पाठवलं की जेवण जायचं नाही. आता जातं.

मंगळ. ९
दिवसभर क्लिपा. माझिन पळतो. नुसता पळतो, बॉल आला की मान खाली. सलीम बॉल येण्याआधी मागे वळून बघतो, मग आत वळतो. हे शिकवून येत नाही. पण त्याला बॉल मिळतोच कुठे? त्याच्या मागे लेफ्ट बॅकला आपला कॅप्टन. सलीम मोकळा, आणि कॅप्टनचा पास मधल्याला. सलीम ना हात वर करत, ना तोंड उघडत. कोच म्हणतात, मागत नाही म्हणजे भूक नाही. मला पटत नाही. का, तेही सांगता येत नाही.

गुरु. ११
आज उलगडलं. सराव संपल्यावर कॅप्टन आणि सलीम एकाच गाडीने शुक्र-शनिच्या सुट्टीला इब्राला जातात. गाव एक, कॅप्टन सलीमच्या बापाचा जुना दोस्त. कॅप्टनला सगळे ‘अबू हमद’ म्हणतात, हमदचा बाप, मानाने. नुसतं ‘सईद’ फक्त कोच म्हणतात, ते परदेशी. गाडीकडे जाताना कॅप्टनची बॅग सलीमच्या खांद्यावर होती. ज्याची बॅग उचलायची, त्याच्यावर ओरडून बॉल कसा मागणार?
बायकोचा, मंजिरीचा फोन. पोरीच्या अकरावीसाठी दोघी कोल्हापूरला गेल्यापासून रोज असतो. “आवाज असा का येतोय तुमचा?” म्हणाली. असाच आहे म्हटलं.

रवि. १४
सलीमला बाजूला घेतलं. मैदानात वडीलधारं कुणी नसतं म्हटलं. आमच्या कोल्हापुरात पेठेच्या मॅचला पोरगं सख्ख्या चुलत्याला टोपणनावाने हाक मारतं. चुलता शिवी घालतो आणि बॉल देतो. तू ‘अबू हमद’ म्हणेपर्यंत डिफेंडर येऊन उभा राहतो. छोटं नाव घे, मोठ्याने घे.  ‘इन्शाल्ला’ म्हणाला तो.
मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

मंगळ. १६
सराव मॅच. सलीम लाइनवर एकदम मोकळा. ओरडला, “सईद!”
कॅप्टनने बॉल पायाखाली दाबला आणि उभा राहिला. बाकीचेही उभे. मग त्याने बॉल सरळ बाहेर मारला. त्यानंतर शेवटपर्यंत सलीमला एक पास नाही. माझिनने गोल केला, कोच खूश.
करायला गेलो गणपती, झाला मारुती. कोल्हापूरची अक्कल मस्कतला पाजळली मी. घरी येऊन टीव्ही लावला, काय बघितलं आठवत नाही.

गुरु. १८
कॅप्टन व्हिडिओ रूममध्ये आला. बस म्हटलं, बसला नाही.
“तुम बोला उसको?” इथल्या मोडक्या हिंदीत.
हो म्हटलं.
“उसका बाबा मेरे को भाई बोलता. अब मैं उसके घर में कैसे बैठेगा?”
रागावला असता तर सोपं गेलं असतं. माफी मागितली, आमच्याकडे हे चालतं म्हणालो. मग राहवलं नाही, विचारलं, तो मोकळा असतो ते तुला दिसतं का?
“सब दिखता है,” म्हणाला आणि गेला. गाडीत एकटाच होता. सलीम बसने गेला म्हणे.

शनि. २०
कोचना उद्या नाव द्यायचंय. सकाळी जाऊन सगळं सांगितलं, चूक माझी हेही. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, कॅप्टन अजून दोन सीझन इथेच आहे, तो ज्याला बॉल देईल तोच माझ्या कामाचा. त्यांचंही बरोबर. त्यांना मॅच जिंकायच्यात.
रिपोर्टात लिहिलं, माझिन आज आहे तेवढाच राहील, सलीम मोठा होईल, बॉल मिळाला तर. खोडलं. परत तेच लिहिलं. नाव अजून टाकलेलं नाही.
संध्याकाळी बेल वाजली. दारात सलीम, इब्राहून थेट माझ्याकडे. उद्या परत सराव मॅच आहे.
“कोच, कल बॉल माँगूँ, या नहीं?”
 एवढं सगळं होऊन पोरगं अजून मलाच विचारतंय. बैस म्हटलं. चहा टाकलाय. तो बाहेरच्या खोलीत वाट बघत बसलाय, आणि मी ओट्यापाशी उभा राहून हे लिहितोय.