बाबांच्या बेंजोनं सुरू होणारा अल्बम

प्रिय बाबा,

आज सकाळी अल्बम इंटरनेटवर चढवला आणि आधी तुम्हालाच कळवावंसं वाटलं. झाला एकदाचा! डोक्यावरचा भारा खाली टाकल्यासारखं हलकं वाटतंय.

आठवतं, जुन्या कॉम्प्युटरवर मी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं होतं? जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, फुकट आहे, आत कसं चालतं तेही उघडं ठेवलंय, असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "फुकट? मंग त्यात काय तरी खोट असंल!" खोट नव्हती हो. मधेच बंद पडायचं, ती गोष्ट वेगळी.

आणि प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे लांबलचक, वळणं घेत जाणारी गाणी, म्हटल्यावर तुम्हाला काळजी कुणाची? "एवढा मोठा गाणा? नाचणारी दमतील ना रे!"

तरी बसलात. शेणवे गावातल्या आपल्या ओटीवर, मांडीवर बेंजो घेऊन माझ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्याची धून रेकॉर्डिंगसाठी वाजवलीत. मी हातानं खुणावतोय, थांबा, संपलं! पण तुम्ही तसेच हळदीच्या गाण्यात शिरलात. आयुष्य मुरबाड-शहापूरच्या हळदी वाजवण्यात गेलेलं. "पोरं नाचत असली का थांबायचा नसतो," म्हणालात. मी चिडलो, तर म्हणे उद्या नीट वाजवू. आणि नीट न वाजवताच निघून गेलात! असं करतात का?

मी अडकलो ना. गाण्याला शेवटच नव्हता. कुठेही कापलं तरी तुम्हाला ताटावरून उठवल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्यायला मन धजेना. अल्बम तसाच पडून राहिला.

शेवटी आईच वैतागली. "त्यांना कापतोस कशाला रे? हळदीत मागून पुढचा गाणा लागतोच ना!"

अरे, खरंच की! तुमचं गाणं मी शेवटून काढून पहिलं केलं. तुमच्या हळदीतूनच दुसरं गाणं उठतं, त्यातून तिसरं. आई भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. "बरा झाला," म्हणाली आणि पुन्हा लावायला सांगितलं. मीही स्वस्थ बसून ऐकलं, किती दिवसांनी!

एक मात्र तुम्हाला न विचारता केलंय. दुसऱ्या बेंजो पार्टीचा कुणी दिसला की तुम्ही बोटांवर रुमाल टाकायचात, धून उचलेल म्हणून. मी तुमच्या बेंजोचा ट्रॅक वेगळा करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. कुणीही घ्यावा, वाजवावा. लोकांनी मला एवढं उघडं करून दिलं, मग मी काय झाकू? रागावलात तर रागवा.

पण शब्द देतो. उद्या एखाद्या मांडवात कुणी तुमची धून तुमच्यापेक्षा फास्ट वाजवली, तर मी भांडणार नाही. तुम्ही वाजवायचात तेव्हा लाजून मागे उभा राहायचो ना? आता पुढे जाऊन नाचेन.

तुमचाच,
विनू