तळ्याच्या जागी बाग

४ मार्च

आलीच फाइल! चाळीस प्लॉट, एक बाग, बागेत कारंजं. नकाशावर सगळं हिरवंगार. आणि जागा कुठली, तर आमचं जुनं शेत! साहेबांना तोंडावर सांगितलं, ही जमीन आमची होती, तपासायला दुसऱ्या कोणाला द्या. "होती ना? मग आता काय! सांडपाण्यातलं तुमच्याइतकं कळतंय कोणाला इथे?" लोणी लावावं तर साहेबांनी.

तरी खात्री म्हणून दादाला फोन केला. "अगं भिंगरे, ती कधीच विकून टाकली. माझा काडीचा संबंध नाही आता. बिनधास्त तपास." मग घेतली.

६ मार्च

ज्याला हे लोक बाग म्हणतायत ते आमचं तळं आहे! पावसाळ्यात भरायचं ते चार-चार महिने हटायचं नाही. आईनं मला तिथेच पोहायला शिकवलं — कमरेला दोर बांधून, काठावरून ओरडत, "पाय मार गं, नुसती पसरलीस काय!" नकाशात तळ्याचं नावनिशाण नाही.

चाळीस घरांच्या संडासांच्या टाक्यांचं पाणी म्हणे त्या बागेखाली जिरणार. कसं जिरेल? जिथे खालूनच पाणी वर आलेलं असतं तिथे ते आडवं सरकतं. आडवं म्हणजे थेट खालच्या वस्तीतल्या विहिरींत. ती माणसं तेच पाणी पितात. छान! कारंजं ह्यांचं आणि जुलाब त्यांना.

९ मार्च

जागेवर जाऊन खड्डा खणून घेतला. वर नेहमीची तपकिरी माती. कमरेइतकं खाली गेलो आणि लागली — राखाडी, चिकट, मधेमधे गंजासारखे ठिपके. माती अशी होते ती महिनोन् महिने पाण्यात राहिल्यावरच. मला इतका आनंद झाला की खड्ड्यात उतरून मूठभर माती हातात घेतली. चपलांची वाट लागली.

बिल्डरचा इंजिनिअर काठावर उभा होता. भर उन्हात टाय! आम्ही त्याला टायच म्हणतो. "मॅडम, ठिपके काय, कशानेही पडतात." म्हटलं, तुमच्या टायवर पडलेत ते कशाने? खणणारा फिदीफिदी हसला. टाय नाही हसला.

१० मार्च

साहेब म्हणतात, "ठिपक्यांवर मंजुरीच्या सुनावणीत निभाव लागायचा नाही. तुम्ही एक म्हणाल, त्यांचा इंजिनिअर दुसरं. तिथे पाणी डोळ्यांनी बघितलेलं जुनं माणूस आणा कोणीतरी."

माणूस! घरातच आहे की.

११ मार्च

आईला दादाच्या घरी फोन केला, ती त्याच्याकडेच असते. पलीकडे वहिनी भांडी आपटत होती. "येशील ना सुनावणीला?" "येईन की." "तळं आठवतंय ना?" "न आठवायला काय झालं?" एवढंच बोलली, मग वहिनीनं हाक मारली.

खालच्या वस्तीत जाऊन सांगून आले, तुम्हीही या, घाबरू नका, माझी आईच सांगणार आहे. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. उगाच!

१८ मार्च

 

दादा समोरच्या बाजूला बसला होता. टायच्या शेजारी. भागीदार! जमीन विकलीच नव्हती, धंद्यात घातली होती. मला म्हणाला, काडीचा संबंध नाही! साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही लपवलं होतं. मी उठून सांगितलं, मला माहीत नव्हतं. मागून कोणीतरी हसलं.

मग आईला विचारलं. इस्त्रीची साडी, नवी चप्पल. वहिनी तिला धरून घेऊन आली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही आईनं. "तळं? छे हो. डबकं साचायचं कधीमधी. दोन दिवसांत आटायचं."

डबकं!

मंजूर झालं. वस्तीतली माणसं मागच्या रांगेत बसली होती, मी बोलावलं म्हणून कामं टाकून आलेली. त्यातल्या एका बाईनं मला जिन्यात गाठलं. "मॅडम, मग आता आम्ही पाणी कुठलं प्यायचं?"  रेलिंगला धरून उभी राहिले.

१९ मार्च

दादाचा फोन. कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला.

२१ मार्च

दादाचं एक वेळ समजू शकते. तो लहानपणी साप-शिडीतही फसवायचा. पण आई? नवरा म्हणतो, "वय झालंय, विसरल्या असतील." विसरेल ती? मी कुठल्या साली कुठला फ्रॉक कशात अडकवून फाडला तेही तिला पाठ आहे. धडधडीत खोटं बोलली. माझ्या तोंडावर, चार लोकांत. परक्यानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

साहेबांना सांगितलं, भावाचा संबंध निघाला, मला बाजूला करा आणि दुसऱ्या कोणाकडून पुन्हा तपासून घ्या. म्हणाले, "आता तुमच्या आईपेक्षा मोठा साक्षीदार कुठून आणू?"

आईशी ह्या जन्मात बोलणार नाही. लिहून ठेवते.

२४ मार्च

आईचा फोन, शेजारणीच्या घरून. हळू आवाजात. "खोटं बोलले मी. तळं होतं, चांगलं पुरुषभर खोल. तू तिथून उठून तुझ्या घरी जाणार होतीस. खरं बोलून मी कोणाच्या घरी जाणार होते, ते विचारलंस का मला?"

नव्हतं विचारलं. ती बराच वेळ थांबली होती फोनवर. तेव्हाही माझ्या तोंडून "इकडे ये" निघालं नाही.